मालिकेत प्रेम किती आणि कथानक किती?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट समजला का ते तुम्हालाही कळेल. तुम्ही प्रौढ वाचकांसाठी पाच भागांची पॅरानॉर्मल फँटसी मालिका लिहिताय, नागपुरात घडणारी. नायिका अंजनी, वय 34, घटस्फोटित, नागपूरच्या महाल या भागातल्या एका जुन्या वाड्याची कागदपत्रं लावून देण्याचं काम करते. मारबतीबरोबर, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीने नेऊन जाळतात त्या पुतळ्याबरोबर, शहराबाहेर जायला हवी ती ईडापीडा या वर्षी गेलीच नाही, कुणीतरी ती मुद्दाम अडवून ठेवली, हे तिच्या लक्षात येतं. तिच्या आयुष्यात दोघं येतात. एक पेंचच्या जंगलातला वनरक्षक, जो वाघाचं रूप घेतो. दुसरा 1817 च्या सीताबर्डीच्या लढाईत पडलेला भोसल्यांचा शिपाई, जो अजून ती टेकडी सोडू शकलेला नाही. पहिला भाग तुम्ही काही जणांना वाचायला दिलात. निम्मे म्हणाले प्रेम कमी पडलं, निम्मे म्हणाले प्रेमापायी गोष्ट अडून बसली. म्हणून तुम्ही विचारताय, प्रेम आणि कथानकाचं प्रमाण 60-40 ठेवू की अर्धं-अर्धं?

मी अनेक वर्षं अशा मालिका लिहिते आणि दुसऱ्यांच्या मालिकांचं संपादनही करते. हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो आणि जवळजवळ दर वेळी तो टक्केवारीच्या रूपातच येतो. टक्केवारीने तो सुटत नाही, कारण तुमच्या वाचकांच्या दोन्ही तक्रारी मुळात एकच आहेत. तुम्ही दिलेला प्रकरणांचा आराखडा पाहा. पेंचच्या चौकीवरच्या रात्रीचं प्रकरण सुंदर असणार याबद्दल मला शंका नाही, पण ती रात्र संपल्यावर पीडेच्या बाबतीत काहीही बदललेलं नसतं. पुढची तीन प्रकरणं वाड्यातले दस्तऐवज, तळघर आणि पाठलाग यांची. त्यात वनरक्षक नसता तरी चाललं असतं. प्रेमासाठी वाचणारा त्या तीन प्रकरणांत ताटकळतो आणि थरारासाठी वाचणारा त्या एका रात्रीत. दोघांनाही वाट पाहावी लागली, म्हणून दोघांनी आपापल्या परीने कमी-जास्तची तक्रार केली. तुम्ही प्रेमाची दोन प्रकरणं वाढवलीत किंवा कापलीत, तरी हे ताटकळणं तसंच राहील.

प्रमाण ठरवण्याआधी तुम्ही वाचकाला कसलं वचन दिलंय ते तपासा. या साहित्यप्रकारात दोन शेजारी घरं आहेत. पॅरानॉर्मल रोमान्समध्ये प्रेमकथा मध्यवर्ती असते. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेची रोमान्सची व्याख्या प्रसिद्ध आहे: मध्यवर्ती प्रेमकथा, आणि भावनिक समाधान देणारा, आशा जागी ठेवणारा शेवट. अर्बन फँटसीत शहर, त्यातलं गुपित आणि त्याच्याशी झुंजणारी व्यक्ती मध्यभागी असते. प्रेम असतं, कधी भरपूर असतं, पण ते काढलं तर गोष्ट लंगडत का होईना चालते. तुमच्या मालिकेतून वनरक्षक आणि शिपाई दोघांशी असलेलं प्रेम मनातल्या मनात काढून पाहा. पीडेचं कोडं उरतं का? उरतं. म्हणजे तुमचं घर अर्बन फँटसीचं आहे. पण तुमचं पहिलं प्रकरण वनरक्षकाच्या नजरेने सुरू होतं आणि पुस्तकाच्या वर्णनात ‘दोन पुरुष, एक निवड’ असं लिहिलंय. दारावर एक पाटी आणि आत दुसरंच घर, असं झालंय. ही विसंगती आधी दूर करा. पाटी बदला किंवा घर बदला, दोन्ही मार्ग योग्य आहेत. मला विचाराल तर पाटी बदला, कारण तुमच्या मारबतीच्या कल्पनेत पाच भाग पेलण्याचा दम आहे.

आता मालिकेचा विचार. एका कादंबरीत तोल सांभाळणं आणि पाच भागांत सांभाळणं यांत मोठा फरक आहे. कादंबरीत ‘ते एकत्र येतील का’ हा प्रश्न शेवटापर्यंत ताणता येतो. पाच भाग ताणलात तर तिसऱ्या भागापर्यंत वाचकाला तुमच्यातला लेखक दिसायला लागतो, जो दर वेळी दोघांमध्ये एक गैरसमज आणून ठेवतो. इलोना अँड्र्यूज या नावाने लिहिणाऱ्या पती-पत्नींची केट डॅनियल्स मालिका 2007 ते 2018 या काळात दहा कादंबऱ्यांची झाली. त्यात नायक-नायिका चौथ्याच पुस्तकात जोडपं होतात. पुढे सहा पुस्तकं आहेत आणि त्यांत प्रेम पातळ होत नाही, कारण प्रश्न बदलतो. ‘एकत्र येतील का’ संपतं आणि ‘एकत्र राहून या संकटाला तोंड देताना एकमेकांचं काय करतील’ हे सुरू होतं. शिवाय मुख्य शत्रू नायिकेचा बापच असल्यामुळे घरातला प्रश्न आणि रणांगणावरचा प्रश्न वेगळे करताच येत नाहीत.

याच्या उलट अनुभवही आहेत. शार्लेन हॅरिस यांची सूकी स्टॅकहाउसची मालिका 2001 ते 2013 अशी तेरा कादंबऱ्या चालली, आणि शेवटी नायिका कुणाबरोबर राहिली यावरून वाचक जाहीरपणे चिडले. मूळ गोष्ट गुन्ह्यांच्या शोधाची होती, पण वाचकांनी मनात निवड धरली ती पुरुषांमधली. लॉरेल हॅमिल्टन यांची अनिता ब्लेक मालिका 1993 मध्ये सुरू झाली तेव्हा तिचा कणा खुनांचा तपास हा होता. 2001 मधल्या दहाव्या पुस्तकापासून शारीरिक संबंधांचा भाग इतका वाढला की जुन्या वाचकांत सरळ दोन तट पडले. ती पुस्तकं वाईट की चांगली हा मुद्दा नाही. दिलेलं वचन वाटेत बदललं की वाचक ते विसरत नाही, एवढं त्यातून घ्या. तुमच्या दोन पुरुषांच्या बाबतीत हे फार लागू आहे. निवडीचा प्रश्न पाचव्या भागापर्यंत उघडा ठेवलात तर वाचक मारबत विसरून गट पाडून बसतील. माझा सल्ला, दुसऱ्या भागाच्या अखेरीस अंजनीला ठरवू द्या. आणि ज्याला ती निवडत नाही, त्याला त्या नकाराचं काय करायचं यावर तिसरा भाग उभा राहू द्या.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येते. मी हस्तलिखित तपासताना प्रत्येक प्रेमाच्या प्रसंगाला एकच प्रश्न विचारते: हा प्रसंग घडला म्हणून पुढे कोणती गोष्ट अशक्य झाली? आणि प्रत्येक थराराच्या प्रसंगाला उलट प्रश्न: यानंतर या दोघांना एकमेकांशी आधीसारखं वागता येईल का? पहिल्याचं उत्तर ‘काहीच नाही’ असेल किंवा दुसऱ्याचं ‘हो, अगदी आधीसारखंच’ असेल, तर तो प्रसंग या साहित्यप्रकारात रिकामा आहे, मग तो कितीही देखणा असो. हा निकष लावला की टक्केवारीचा प्रश्न आपोआप मागे पडतो, कारण एकच पान दोन्हीकडे मोजलं जातं.

तुमच्याच साहित्यावर हे करून पाहू. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि सामान्य लोकांना तो वर्षातून तीनच दिवस खुला होतो: 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट. तुमच्या हस्तलिखितात अंजनी मनात येईल तेव्हा रात्री कुंपणावरून चढून शिपायाला भेटते. लष्करी पहाऱ्यातून असं कुणी जाईल हे नागपूरचा वाचक मानणार नाही, पण त्याहून मोठं नुकसान हे की तुम्ही गोष्टीला मिळालेली अडचण फेकून देताय. तीनच भेटी ठेवा. तुमची गोष्ट एका मारबतीला सुरू होते आणि पुढच्या मारबतीपर्यंतच पीडा बाहेर काढायची मुदत आहे. मध्ये फक्त तीन दिवस, तेही भर दिवसा, शाळेच्या पोरांच्या आणि सेल्फी काढणाऱ्यांच्या गर्दीत. 1817 च्या नोव्हेंबरात त्या टेकडीवर काय पाहिलं, पीडा अडवणाऱ्या घराण्याने तेव्हा कोणता करार केला, हे फक्त त्या शिपायालाच माहीत आहे. म्हणजे प्रत्येक भेटीत अंजनीपुढे पेच उभा राहतो: हा तास माहिती काढायला वापरायचा की त्याच्याजवळ बसायला? 1 मे रोजी ती नुसती बसली, काही विचारलं नाही, तर पुढचे साडेतीन महिने शहर त्याची किंमत मोजतं. आणि तिने नुसतं विचारलं, तर ज्याला दोनशे वर्षांत कुणी माणूस म्हणून भेटलं नाही, त्याला कळतं की हीही कामापुरतीच आली. 15 ऑगस्टनंतर महिन्याभराच्या आत पोळा येतो आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. शेवटची भेट आणि शेवटची मुदत इतक्या जवळ आणून ठेवलीत, की प्रेम आणि कथानक वेगळं मोजायला जागाच उरत नाही. हे एक वर्ष पाचही भागांवर पसरायचं की पहिल्याच भागात संपवायचं ते तुम्ही ठरवा.

वनरक्षकाच्या बाबतीतही असंच काही हवं. सध्या त्याचं वाघ होणं केवळ आकर्षक आहे, संकटात धावून येण्यापुरतं. जंगलाची वेस राखणं हे त्याचं काम आहे ना? मग ज्या रात्री तो माणसाच्या रूपात चौकीवर अंजनीपाशी राहतो, त्या रात्री वेस राखायला कोण असतं? त्या रात्री काहीतरी आत येऊ द्या. मात्र इथे एक सावधगिरी हवी. प्रेम केलं म्हणून अनर्थ झाला, आणि त्याचं प्रायश्चित्त दर वेळी बाईनेच घेतलं, असं होऊ देऊ नका. आपल्या गोष्टींना ही सवय फार जुनी आहे. वेस सोडायचा निर्णय त्याचा होता, त्याचा जाब त्यालाच द्यावा लागू दे.

आणि यातूनच तुमच्या मालिकेतली सगळ्यात श्रीमंत जागा दिसते, जी तुम्ही अजून वापरलेली नाही. काळी आणि पिवळी मारबत 1880 च्या दशकापासून इतवारी-महालच्या भागातून निघते. ‘ईडापीडा घेऊन जा गे मारबत’ असं ओरडत लोक पुतळ्यामागे जातात आणि शेवटी तो जाळतात. काळ्या मारबतीचा संबंध लोकस्मृतीत भोसल्यांच्या घराण्यातल्या बाकाबाईंशी, त्या इंग्रजांना सामील झाल्या या रागाशी जोडला जातो. म्हणजे शहराची सगळी पीडा एका बाईच्या पुतळ्यावर घालून तो पेटवायचा. आणि तुमची नायिका कोण? जिच्या मोडलेल्या लग्नाचा सगळा दोष सासर-माहेर दोघांनी तिच्या माथी मारला, अशी बाई. तुमच्या कथानकाचा प्रश्न आहे, पीडा खरंच कुणामुळे आली आणि दोष कुणावर ढकलला जातोय. तुमच्या प्रेमकथेचा प्रश्न असायला हवा, एकदा दोषी ठरवली गेलेली बाई पुन्हा कुणावर विश्वास टाकेल का, आणि चूक झाली की तो तिच्याकडेच बोट दाखवेल का. हे दोन्ही प्रश्न एकाच रक्ताचे आहेत. असे प्रश्न सापडले की लेखकाला तोल धरून ठेवावा लागत नाही. वाड्यात सापडलेला एक कागद अंजनीला बाकाबाईंबद्दल वेगळं काही सांगतो, त्याच रात्री वेस उघडी राहिल्याचं कळतं, आणि वनरक्षकाच्या तोंडून ‘तू आली नसती तर असं झालंच नसतं’ हे वाक्य निघतं. हा प्रसंग प्रेमाचा म्हणायचा की कथानकाचा? तुम्हीही सांगू शकणार नाही, वाचकही नाही.

प्रौढ वाचकांसाठी लिहिताय म्हणून शारीरिक जवळिकीबद्दल. किती उघड लिहायचं हे तुमच्या स्वभावावर आणि प्रकाशनाच्या जागेवर अवलंबून आहे, त्यात मी पडत नाही. पण या साहित्यप्रकारात संमतीचा प्रश्न नेहमीपेक्षा अवघड असतो आणि तो टाळून चालत नाही. भूत अंगात शिरू शकतं. वाघाच्या रूपातल्या माणसाला किती भान असतं? शिपायाने अंजनीच्या शरीराचा ताबा घेतला, तिच्याच ओठांनी स्वतःचं नाव घेतलं, हा तुमचा प्रसंग तुम्ही रोमँटिक म्हणून लिहिलाय. मला तो भीतिदायक वाटला. तो ठेवा, पण भीतिदायक म्हणूनच ठेवा, आणि त्याला त्याबद्दल तोंड लपवावं लागू दे. ‘जन्मोजन्मीचं नातं’ हे सूत्रही जरा आवरा. दोघांना नियतीनेच बांधलं असेल तर अंजनीने निवडलं काय? आणि तिने निवडलंच नसेल तर वर सांगितलेली किंमत तिच्या निर्णयाची राहत नाही, कथानकातली हवाच निघून जाते.

लोककथांतली पात्रं घेताना त्यांचे मूळ नियम पाळा. चौथ्या भागात तुम्ही मुंज्याला तरुण प्रियकर करायचं ठरवलंय. तो विचार सोडून द्या. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण लग्नाआधी मेलेला मुलगा. प्रौढ प्रेमकथेत त्याला जागा नाही. नावं बदलूनही मराठी वाचकाच्या मनातला तो पिंपळावरचा पोरगा जात नाही. वाघदेवाबद्दल वेगळी काळजी हवी. विदर्भातल्या गावांत वाघदेवाची पूजा आजही होते. ताडोबा हे नावच तारू या गोंड समाजाच्या देवावरून आलंय, वाघाशी लढताना तो मारला गेला अशी कथा सांगतात. ही जिवंत श्रद्धा आहे, सजावटीचं सामान नाही. तुमच्या वनरक्षकाचं कूळ आणि नियम स्वतः घडवा, कुणाच्या देवाला प्रियकर करू नका.

काही गोष्टी परिस्थितीवर ठरतात, त्या मोकळेपणाने सांगते. रोज एक भाग टाकण्याच्या अ‍ॅपवर लिहिणार असाल तर प्रत्येक भागात त्या दोघांमध्ये काहीतरी सरकावं लागतं, नुसती एक नजर का होईना. तिथला वाचक दिवसाला पाच-सात मिनिटंच देतो, आणि तीन दिवस वनरक्षक दिसला नाही की प्रतिक्रियांत त्याचीच चौकशी सुरू होते. छापील कादंबरीत पन्नास पानं त्याला बाजूला ठेवता येतं, अट एवढीच की त्याची गैरहजेरी जाणवली पाहिजे. ऑडिओसाठी लिहीत असाल तर लांब आत्मसंवाद कमी करा, प्रेमाचे प्रसंग संवादांवर उभे करा. तिथे तुमच्या वनरक्षकाची नागपुरी बोली सोनं आहे. ‘तू कायले आली इतक्या रात्री? म्या सांगतलं होतं ना’ या एका वाक्यात राग आणि काळजी दोन्ही ऐकू येतात, त्याच्या डोळ्यांचं वर्णन करायची गरजच पडत नाही. आणि मालिका पाचऐवजी तीन भागांची झाली, तर निवड पहिल्या भागाच्या अखेरीला आणा.

आता लगेच काय करायचं ते. पहिला भाग सगळा पुन्हा लिहायला बसू नका. चौकीवरच्या रात्रीचं एकच प्रकरण घ्या. त्यात अंजनीने वाड्यातला कागद त्याच्यासमोर उलगडावा आणि त्यावरची खूण पाहून तो गप्प व्हावा. ती खूण त्याच्या घराण्याची आहे, तिला ते कळत नाही, वाचकाला कळतं. ती त्याच्यापाशी राहायचं ठरवते आणि तो सांगायचं टाळतो. रात्र तीच, जवळीक तीच, पण आता त्या जवळिकीत एक लपवलेली गोष्ट आहे, जी पुढच्या तीन प्रकरणांत तळघरातल्या प्रत्येक कागदाबरोबर उघडी पडण्याची भीती आहे. मग ती तीन प्रकरणंही त्याच्याशिवाय चालणार नाहीत, तो त्यांत दिसला नाही तरी.

हे झालं की आधीच्या वाचकांपैकी दोघांना द्या, प्रेम कमी म्हणणारा एक आणि जास्त म्हणणारा एक. प्रेम पुरेसं आहे का, असं विचारू नका, कारण मग ते पुन्हा टक्क्यांतच उत्तर देतील. वाचताना कुठे थांबून मोबाईल हातात घेतला, एवढं पान लिहून ठेवायला सांगा. दोघांचं पान एकच निघालं तर तिथला प्रसंग पुन्हा लिहायचा आहे. वेगवेगळी निघाली तर ते प्रकरण मला पाठवा, त्यावर सविस्तर लिहीन.